पद्मिनीचं ब्रेक पेडल मऊ लागतंय : मास्टर बदलू की आणखी काही?

पद्मिनीवाला१३
नमस्कार मंडळी. वडिलांची १९७७ ची प्रीमियर पद्मिनी बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती, ती यंदा रस्त्यावर आणलीय. इंजिन, कार्बोरेटर, वायरिंग सगळं झालं. ब्रेकचंही सगळं केलं: चारही चाकांचे व्हील सिलेंडर (शूज ड्रमवर ढकलणारे) नवे, शूजना नवे लायनर (ड्रमला घासणारं अस्तर), ड्रम लेथवर टर्न केले म्हणजे आतून कापून साफ केले, मास्टर सिलेंडरला (पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलतो तो) नव्या रबरांचं किट, पाइपलाइन धुऊन डॉट ३ ब्रेक ऑइल.

तरी पेडल मऊ. पहिल्यांदा दाबलं की जवळजवळ पाऊण खाली जातं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं, पण वर आलं तरी पायाखाली लिबलिबीत लागतं. गाडी थांबते, नाही असं नाही. पण सात रस्त्याला सिग्नलवर समोर रिक्षा आडवी आली की जीव वर येतो.

आमचे मिस्त्री म्हणतात, "किट टाकून भागत नाही, अख्खा मास्टर बदला." मूळचा मास्टर काढून बाजारातला नवा टाकायला माझं मन घेत नाही. हल्ली जे मिळतंय त्यातलं बरंचसं कोणी बनवलंय तेच कळत नाही. मास्टर खरंच गेलाय का हे बदलायच्या आधी ओळखता येतं का? गाडीला बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) नाही, एकाच सर्किटचा मास्टर आहे, चारही चाकांना ड्रम. आईला गाडीतून तुळजापूरला न्यायचं कबूल केलंय, त्यामुळे घाईही आहे.

टकाटक
ब्रेकच्या लाइनमध्ये एअर आहे. एअर काढा. विषय संपला.

पद्मिनीवाला१३
@टकाटक, एअर चारही चाकांतून काढून झालीय. परत परत. बाटलीत बुडबुडा दिसत नाही.

बाळीवेसचा बंडू
का बे, सोलापूरचा असून पेडल मऊ? आपल्याकडं सगळं कडक भाकरीसारखं पाहिजे, दाबलं की कट्ट वाजलं पाहिजे!

अ‍ॅम्बीप्रेमी
पद्मिनी घेतलीत तिथेच चुकलं हो. अँबेसेडर घ्यायची. 😀

फोटो टाका गाडीचे. रंग कुठला?

पद्मिनीवाला१३
फिकट निळा, मूळचाच. फोटो रात्री टाकतो. आणि घेतली नाही हो, वारशाने आली.

तिसरा गिअर
धागाकर्ते, मास्टरला हात लावू नका अजून. तुम्ही लिहिलेल्या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्या आधी वेगळ्या करू.

पेडल खोल जाणं ही एक आणि पेडल लिबलिबणं ही दुसरी. पहिल्या दाबाला खोल आणि लगेच दुसऱ्याला वर, याचा ड्रम ब्रेकमध्ये पहिला अर्थ म्हणजे शू आणि ड्रममधली फट जास्त आहे. पहिल्या दाबात मास्टरमधलं सगळं ऑइल शूज ड्रमपर्यंत नेण्यातच खर्च होतं. शूज पूर्ण मागे यायच्या आत दुसरा दाब दिला की काम सुरू. मास्टर उत्तम असला तरी हे होणार. तेव्हा पहिलं काम शूज अ‍ॅडजस्ट करायचं. चाक उचलून, चाक फिरवत, शू घासेपर्यंत अ‍ॅडजस्टर आवळायचा आणि चाक मोकळं फिरेल इतकाच मागे घ्यायचा. मागची चाकं करताना हँडब्रेकची केबल सैल ठेवा, नाहीतर हात फसतो. हँडब्रेक शेवटी लावायचा.

मास्टर गेल्याची खूण वेगळी असते. गाडी उभी, पेडल मध्यम जोराने दाबून तसंच धरून ठेवा. एक मिनिटभर पाय हलवू नका. पेडल हळूहळू खाली सरकत गेलं आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टरच्या आत कपवरून, म्हणजे रबरी सीलवरून, ऑइल मागे जातंय. सरकलं नाही, नुसतं मऊच राहिलं, तर मास्टरवर संशय घ्यायचं कारण नाही. हलक्या पायानेही एकदा करून बघा. काही मास्टर जोरात दाबल्यावर धरतात आणि हलक्या दाबाला सोडतात.

मऊपणाचं नंतर बघू. ही दोन उत्तरं आधी द्या.

टकाटक
एवढं लिहिण्यापेक्षा एअर काढली असती तर झालं असतं.

पुणेरी पाटी
@टकाटक, आपण प्रतिसाद देण्यापूर्वी धागा वाचण्याची प्रथा आहे.

जीपकाका
ताईंनी बरोबर सांगितलंय. मी बार्शीचा. माझ्याकडे जुनी महिंद्रा जीप आहे, तिचा मास्टर ड्रायव्हरच्या पायाखाली. पत्र्याचं झाकण काढून ऑइल भरायचं. धूळ, शेण, पाणी सगळं त्या झाकणावर. नीट पुसल्याशिवाय झाकण उघडलं की अर्धं शेत मास्टरमध्ये. असो.

एक विचारतो. तुमच्या मिस्त्रींनी मास्टरचं किट टाकताना रबरं आणि बोअर कशाने धुतलं? आपल्याकडे नव्वद टक्के गॅरेजांत रॉकेल नाहीतर पेट्रोल. इंजिनाचा पार्ट धुवायची सवय हाताला असते, तेच पातेलं, तोच ब्रश. ब्रेकच्या रबराला रॉकेल, डिझेल, पेट्रोल, ग्रीस काही चालत नाही. रबर फुगतं. आज नीट बसलेला कप आठवड्यात बोअरमध्ये आवळतो आणि ब्रेक चिकटायला लागतो. धुवायचं ते स्पिरिटने किंवा ब्रेक ऑइलनेच. आमच्या इथल्या एका पोराने मास्टरच्या टाकीत चक्क इंजिन ऑइल टॉपअप केलं होतं, "ऑइलच आहे की काका" म्हणाला. टाकीच्या झाकणाच्या आतलं रबर पुरीसारखं फुगलेलं. सगळी रबरं, होज, सगळं बदलावं लागलं त्या गाडीचं.

पद्मिनीवाला१३
@जीपकाका, मी समोर होतो, स्पिरिट वापरलं होतं. नशीब.

@तिसरा गिअर, ताई, दोन्ही केलं. दाबून धरल्यावर पेडल सरकत नाही. हलक्या पायानेही नाही. शूज अ‍ॅडजस्ट केले, पुढच्या दोन्ही चाकांना फट खरंच भरपूर होती. आता पहिल्याच दाबाला पेडल वर धरतं. म्हणजे खोलीची तक्रार गेली. लिबलिबणं मात्र जसंच्या तसं. जोर दिला की अजून दीड-दोन इंच स्प्रिंगसारखं दबतं.

बाळीवेसचा बंडू
मास्टर वाचला की बे! मिस्त्रीला चहा पाजून सांग आता.

हिप्परगा
माझं मत थोडं वेगळं. नवे लायनर आहेत ना? ते बसायला वेळ लागतो. पाचशे-हजार किलोमीटर चालवा, आपोआप कडक होईल. माझ्या फियाटचं असंच झालं होतं. वडील तर म्हणायचे, नवीन लायनरची गाडी पहिला महिना बायको माहेरी गेल्यासारखी चालवायची, बेताने.

अ‍ॅम्बीप्रेमी
@हिप्परगा, 😀😀 हे मी घरी वाचून दाखवणार नाही.

सिलिकॉनकर
मी इकडे परदेशात जुन्या गाड्यांच्या क्लबात आहे. आमच्यात बरेच जण डॉट ५ वापरतात. पाणी शोषत नाही, पेंट खराब करत नाही, उभ्या राहणाऱ्या गाड्यांना उत्तम. सगळं काढून डॉट ५ भरा.

तिसरा गिअर
@सिलिकॉनकर, नको! मऊ पेडलच्या धाग्यावर डॉट ५ चा सल्ला म्हणजे कमाल आहे. डॉट ५ हे सिलिकॉन ऑइल. त्यात हवेचे बारीक बुडबुडे धरून राहतात, ते काढायला फार वेळ लागतो, आणि ते थोडं दबतंही जास्त. शिवाय डॉट ३, डॉट ४ मध्ये ते मिसळत नाही. लाइनमध्ये थोडं जुनं ऑइल राहिलं तरी पंचाईत. कोरी गाडी पहिल्यापासून बांधत असाल तर एक वेळ ठीक.

आणि वाचणाऱ्यांसाठी: डॉट ५.१ हे नाव सारखं असलं तरी सिलिकॉन नाही, ते ३ आणि ४ च्याच जातीचं ग्लायकॉल आहे. दुकानात पाच म्हणून काय देतात ते डब्यावर वाचून घ्या.

सिलिकॉनकर
ठीक, ठीक. मुद्दा पाण्याचा होता. सोलापूरच्या उन्हाळ्यात ४४ अंशाला डॉट ३ उकळणार नाही का?

तिसरा गिअर
हवेच्या ४४ ने काही होत नाही. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, डॉट ४ चा २३०. पण ही ऑइलं हवेतलं पाणी ओढतात. साधारण पावणेचार टक्के पाणी शिरलं की डॉट ३ चा १४० वर येतो, डॉट ४ चा १५५ वर. घाटात उतरताना ड्रम तापला की व्हील सिलेंडरमधलं पाणी उकळून वाफ होते. वाफ दबते, ऑइल दबत नाही. मग पेडल एकदम ढेपाळतं आणि गाडी थंड झाली की शहाण्यासारखं वर येतं. गॅरेजमध्ये नेल्यावर सगळं ठाकठीक! पण तो आजार गरम गाडीचा. धागाकर्त्यांचं पेडल थंड, उभ्या गाडीतही मऊ आहे आणि ऑइल नवं आहे. तो मुद्दा इथे लागू नाही.

पुणेरी पाटी
तुळजापूर घाटाचा विषय निघालाच आहे तर: उतरताना गिअर खाली घेऊन इंजिनावर गाडी धरावी. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरणाऱ्यांची संख्या पाहता देवीच वाली आहे.

बाळीवेसचा बंडू
आमच्या आजोबांच्या फियाटमधनं नऊ माणसं तुळजापूरला जायची. पुढं तीन, मागं चार, मांडीवर दोन. गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला, म्हणून मधला माणूस बसायचा. ब्रेक लागायचे की नाही कुणाला आठवत नाही, पण आम्ही सगळे जिवंत आहोत.

अ‍ॅम्बीप्रेमी
अवांतर: मुंबईत पद्मिनीची काळी-पिवळी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली तेव्हा वाईट वाटलं होतं. अँबेसेडरवाला असूनही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली गाडी सोलापुरात अजून फिरतेय हे वाचून बरं वाटलं.

डिस्कवाला
ही एवढी कटकट करण्यापेक्षा पुढे डिस्क ब्रेक टाका. आजकालच्या गाडीचे हब, कॅलिपर मिळतात भंगारात. वेल्डिंगवाला दिवसात करून देईल.

पद्मिनीवाला१३
@डिस्कवाला, भंगारातला हब वेल्डिंग करून त्यात आईला बसवू? 🙏

पुणेरी पाटी
गाडीत फेरफार करण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचावे. नंतर विमा कंपनीचं पत्रही वाचायला मिळेल.

जीपकाका
डिस्कवाले भाऊ, दुसरंही बघा. ड्रमच्या मास्टरमध्ये पुढच्या टोकाला एक चेक व्हॉल्व्ह असतो. पाय काढल्यावरही तो लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवतो. डिस्कला तो दाब ठेवला की पॅड घासतच राहणार. नुसते कॅलिपर लटकवून होत नाही.

यावरून आठवलं. धागाकर्ते, तुमच्या मास्टरमधला तो चेक व्हॉल्व्ह जागेवर आहे का? किट टाकताना ती छोटी रबरी टिकली मिस्त्री विसरतात नाहीतर "याचं काय काम" म्हणून ठेवून देतात. तो दाब नसेल तर पाय सोडताना व्हील सिलेंडरच्या कपची कड सैल पडते आणि तिथून हवा आत शोषली जाते. बाहेर ऑइलचा थेंब नाही, तरी हवा आत. आज एअर काढली, परवा पुन्हा आहेच. माझ्या जीपने यावरून मला फार छळलंय.

तपासायला सोपं. पेडल दाबून सोडा, मग मागच्या चाकाचा ब्लीडर (एअर काढायचा स्क्रू) हलकाच ढिला करा. ऑइल चुळकन उडालं तर दाब आहे. नुसतं ओघळलं तर नाही.

तिसरा गिअर
काकांचा मुद्दा भारी आहे. हे मीही विसरले असते. नक्की बघा.

आणि मऊपणा कुठल्या चाकात आहे तेही शोधू. तुमच्या गाडीत रबरी होज तीन असणार: पुढच्या चाकांना एकेक आणि मागच्या अ‍ॅक्सलला मिळून एक. होज दाबायचे क्लॅम्प मिळतात, गुळगुळीत गोल जबड्याचे. साधी पक्कड किंवा व्हाइस ग्रिप नको, होज आतून चिरतो. आणि होज जुने, तडकलेले असतील तर ही टेस्ट करूच नका, आधी ते बदला.

तिन्ही होज दाबून बंद करा आणि पेडल दाबा. दगडासारखं लागलं तर मास्टर आणि लोखंडी पाइप निर्दोष. मग एकेक क्लॅम्प सोडत जा. ज्याला सोडल्यावर पेडल मऊ होतं, चोर त्या चाकात. आख्खी गाडी खोलायची गरज नाही.

हिप्परगा
होज फुगत असेल तर?

तिसरा गिअर
तेही कळेल. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने होजवर बोटं ठेवायची. जुना होज दाबाखाली फुगतो ते हाताला लागतं.

टकाटक
व्हील सिलेंडर डावा-उजवा उलटा बसवलाय का ते पण बघा. ब्लीडर खाली आणि पाइप वर आला की जन्मभर एअर काढा, वरची हवा वरच राहते.

पुणेरी पाटी
@टकाटक, हा प्रतिसाद वाचून डोळे पाणावले. जपून ठेवतोय.

लेथवाला एमआयडीसी
नमस्कार. अक्कलकोट रोडला लेथचं काम करतो. धागा वाचलालो दोन दिवस. मी बोलू का नको असं झालंतं, कारण ड्रम टर्न करायचं काम आमचंच. ड्रम किती वेळा टर्न झालेत हो तुमचे? याच्या आधी पण झाले असतील की?

पद्मिनीवाला१३
@लेथवाला, वडिलांच्या काळात झाले असणार, मोजदाद नाही. का?

आता टेस्टचे निकाल. होज दोन वर्षांपूर्वी बदललेले, चांगले आहेत, म्हणून क्लॅम्प लावायचं धाडस केलं. भाच्याला पेडलवर बसवलं आणि मी खाली.

चेक व्हॉल्व्ह : ब्लीडर ढिला केल्यावर ऑइल चुळकन उडालं. माझ्या चष्म्यावर. म्हणजे आहे.
तिन्ही होज बंद : पेडल दगड. भाचा म्हणाला, मामा, अडकलं की काय.
मागचा सोडला : किंचित खाली, पण कडकच.
पुढचा डावा सोडला : लिबलिबीत.
तो बंद करून पुढचा उजवा सोडला : तसंच लिबलिबीत.
दोन्ही पुढचे सोडले : आधी होतं तेवढंच मऊ.
ब्लीडर सगळ्या चाकांना वरच्या बाजूलाच आहेत, टकाटक. होजही हाताला फुगताना लागत नाहीत.

आता काय? पुढचे दोन्ही व्हील सिलेंडर पुन्हा नवीन आणू?

सिलिकॉनकर
दोन्ही पुढच्या चाकांत हवा आहे, सरळ आहे.

तिसरा गिअर
मला सरळ वाटत नाही. हवा राहते ती एका कोपऱ्यात, एका चाकात. डाव्या-उजव्यात अगदी सारखीच हवा राहावी हा योगायोग झाला. दोन्ही बाजूंना सारखाच मऊपणा आहे म्हणजे दोन्ही बाजूंना सारखंच काहीतरी केलं गेलंय. आणि दोन्ही बाजूंना सारखं काय केलं? नवे लायनर आणि ड्रम टर्निंग.

लेथवाले दादा कुठे निघाले होते ते आता कळलं. बोला दादा.

लेथवाला एमआयडीसी
होय ताई, तेच. समजा ड्रम टर्न करून करून मोठा झाला. शूवर लायनर बसवला तो मूळ मापाच्या गोलाईचा. मग शूची गोलाई लहान, ड्रमची मोठी. शू ड्रमला मधेच टेकतो, दोन्ही टोकं अधांतरी. पाय दाबला की शूचं लोखंड वाकून टोकं टेकवायला जातं. ते वाकणं पायाला कसं लागतं? हवेसारखंच. माणूस एअर काढत बसतो.

तपासा असं. ड्रम काढा. लायनरवर सगळीकडं खडूनं रेघा मारा, आडव्या. ड्रम लावा, अ‍ॅडजस्टर आवळून चाक हातानं थोडं फिरवा, परत काढा. रेघा कुठं पुसल्यात बघा. नाहीतर शू हातात धरून ड्रमच्या आत टेकवा आणि टोकाला कागद घालून बघा.

धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका बरं का. जुन्या लायनरात अ‍ॅस्बेस्टॉस असतंय. ओल्या फडक्यानं पुसायचं, तोंडाला मास्क.

हिप्परगा
म्हणजे मी म्हणालो तेच की. चालवलं की मधला भाग घासून टोकं टेकतील, आपोआप बसेल.

लेथवाला एमआयडीसी
@हिप्परगा, थोडासा फरक असला तर बसतंय, तुमचं खोटं नाही. जास्त असला तर मधला लायनर रिव्हेटपर्यंत झिजायला येतोय आणि टोकं अजून कोरीच. आणि तोवर सगळी उष्णता त्या दोन बोटांच्या पट्ट्यावर. घाटात काय होईल सांगा.

हिप्परगा
मान्य. पण आमच्या वेळी कोणी एवढं करत नव्हतं, आणि गाड्या थांबत होत्याच.

पुणेरी पाटी
आपल्या वेळी समोर आडव्या येणाऱ्या रिक्षाही कमी होत्या.

पद्मिनीवाला१३
दोन्ही पुढचे ड्रम काढले. फोटो टाकतोय, पण लिहितोही, कारण बघून मीच चाट पडलो.

लायनरच्या मधोमध बोटभर रुंदीचा पट्टा काळा आणि चकचकीत, अगदी आरशासारखा. त्याच्या दोन्ही बाजूंना लायनर अजून करडा आहे, दुकानातून आणला तेव्हा होता तसा, त्यावरची सँडपेपरची खरड सुद्धा दिसते. खडूच्या रेघा फक्त मधल्या पुसल्या गेल्या. शू हाताने ड्रममध्ये टेकवला तर टोकाला कागदच काय, लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा आरामात जातो. चारही शूजचं तेच. ड्रमच्या बाहेरच्या कडेला चांगला मोठा ओठ आहे, म्हणजे आत बराच कापला गेलाय.

मागचे ड्रम काढले तर तिथे लायनर बऱ्यापैकी सगळीकडे टेकतोय. मागचे कमी वेळा टर्न झाले असावेत.

टकाटक
🙏 माझी एअर मी परत घेतो.

अ‍ॅम्बीप्रेमी
लग्नपत्रिका ब्रेकमध्ये घालून मोजणारा पहिला माणूस.

तिसरा गिअर
सापडलं! आता सिलेंडर आणू नका, मास्टरही नाही. पण ड्रमचं माप आधी घ्या. आतला व्यास दोन-तीन ठिकाणी, एकमेकांना काटकोनात मोजा, अंडाकृती आहे का तेही कळेल. मूळ माप तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल. जुन्या ड्रमना मूळ व्यासापेक्षा साधारण दीड मिलिमीटरच्या आसपास ही टर्निंगची मर्यादा धरतात. ड्रमवर किंवा मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच मानायचा. त्यापलीकडे ड्रम पातळ होतो, तापतो लवकर आणि दाबाखाली स्वतःच पसरतो. तेही पेडलला मऊच लागतं. मर्यादा ओलांडली असेल तर लायनरवर पैसे घालवू नका, ड्रमच शोधा.

पद्मिनीवाला१३
मोजलं. लेथवाले दादांकडेच गेलो होतो, ओळख झाली. मर्यादेच्या आत आहे, पण काठावर. यापुढे टर्निंग बंद. अंडाकृती नाही.

आता उपाय काय? जाड लायनर मिळतात म्हणे?

लेथवाला एमआयडीसी
जाड लायनर लावून शूला ड्रमच्या मापावर घासून घ्यायचं. शू फिक्स्चरवर लावून ड्रमच्या व्यासापेक्षा अगदी किंचित कमी गोलाईवर लायनर घासतात, म्हणजे टोकं आधी अडकत नाहीत. टोकांना थोडा उतार द्यायचा, नाहीतर चिरकतंय. घासताना पाणी मारून, धुळीचं आधी सांगितलंच. ज्या ड्रमचा शू त्याच ड्रमला. खडूनं डावा-उजवा लिहून आणा, मिसळले की परत पहिले पाढे.

डिस्कवाला
एवढ्यात डिस्क बसली असती.

बाळीवेसचा बंडू
गप्प की बे!

जीपकाका
परत जोडाल तेव्हा एअर काढायची आहे, त्याबद्दल सांगून ठेवतो. मास्टरपासून लांबचं चाक आधी. तुमचं उजव्या हाताचं स्टेअरिंग, तेव्हा मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पेडल सावकाश. धडाधड पंप मारला की हवेचा फेस होतो. आणि पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवा, तळाला टेकू देऊ नका. जुन्या मास्टरच्या बोअरचा शेवटचा भाग वर्षानुवर्षं वापरात नसतो, तिथे गंज असतो. पेडल तळापर्यंत गेलं की नव्या कपची कड त्या गंजावर कापली जाते. चांगला मास्टर एअर काढतानाच मारतात लोक, आणि मग म्हणतात, किट निकृष्ट.

बाटलीत निघालेलं ऑइल परत टाकीत ओतू नका. आणि निळ्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, अर्ध्या तासात पेंट सोलतो.

पद्मिनीवाला१३
ठोकळा! हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आतापर्यंत भाचा तळापर्यंत दाबत होता. मास्टर अजून धरतोय म्हणजे बोअर बरं असावं. परत दाबून-धरून टेस्ट करतो.

पद्मिनीवाला१३
मंडळी, झालं. पुढच्या चारही शूजना जाड लायनर, दादांनी ड्रमप्रमाणे घासून दिले. खडूची टेस्ट पुन्हा केली, आता टोकापासून टोकापर्यंत रेघा पुसल्या जातात, अगदी कडेला थोड्या राहतात. जोडलं, एअर काढली, ठोकळा ठेवून. पेडल वरच धरतं आणि जोर दिला तरी जेमतेम अर्धा इंच दबतं. दाबून धरलं, सरकत नाही. होटगी रोडला सकाळी रिकाम्या रस्त्यावर आधी वीसच्या, मग चाळीसच्या वेगाने ब्रेक मारून बघितले, गाडी सरळ थांबते, ओढत नाही.

मिस्त्रींना दाखवलं. म्हणाले, "मी तेच म्हणत होतो, लायनर."

पुणेरी पाटी
अपेक्षितच होतं.

हिप्परगा
अभिनंदन! तरी पहिले शंभर-दोनशे किलोमीटर बेताने, हे माझं म्हणणं कायम.

तिसरा गिअर
त्यात मी हिप्परगांच्या बाजूने आहे. घासून घेतले तरी बसायला थोडं चालवावंच लागतं. आणि शे-दोनशे किलोमीटरनंतर शूज पुन्हा एकदा अ‍ॅडजस्ट करा. मगच घाट.

जीपकाका
हँडब्रेकचं काय केलंत? सगळ्यात आधी केबल सैल केली होती ना, ताईंच्या सांगण्यावरून?

पद्मिनीवाला१३
अरे देवा. ती अजून सैलच आहे. सपाट शहर, लक्षातच नाही आलं. उद्या सकाळी पहिलं तेच करतो.